खाली थेंब नाही, तरी कूलंट कमी होतं: हेड खोलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही भांडुपला राहता आणि रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला जाता. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, 78,000 किलोमीटर झालेत, चार वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलंय. गेले चार महिने दर दोन-तीन आठवड्यांनी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, टाकीवरच्या खालच्या रेघेच्या खाली जातं. गाडीखाली थेंब दिसत नाही, टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही, सायलेन्सरमधून धूर नाही. सकाळी पेट्रोलवरून गॅसवर गेल्यावर मात्र पहिली दोन-तीन मिनिटं गाडी अडखळते. एका मेकॅनिकने कूलंटच्या टाकीतले बुडबुडे दाखवले आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि ब्लॉकच्या मधली सीलची पट्टी) गेलंय म्हणून 38,000 रुपये सांगितले. दुसरा म्हणाला, काही होत नाही, पाणी टाकत राहा. आता कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

चेंबूरला माझं गॅरेज आहे आणि 22 वर्षं हेच काम करतोय. माझं स्पष्ट मत आहे की आज या दोघांपैकी कोणाचंच ऐकू नका. पहिल्याने बुडबुडे पाहिले, पण ते कशाचे आहेत हे तपासलं नाही. दुसऱ्याने तर काहीच तपासलं नाही. कूलंट नक्की जातं कुठे, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. ते कळेपर्यंत हेडचा एकही बोल्ट सैल करू देऊ नका.

गाडीची कूलिंग सिस्टीम बंद असते. चांगल्या गाडीत वर्षभरात पातळी बोटभर खाली आली तर आली. दर पंधरा दिवसांनी टाकी भरावी लागत असेल तर वाट कुठेतरी नक्की आहे, आणि अशा वाटा तीनच असतात. एक, कूलंट बाहेर पडतं, पण गरम लोखंडावर पडून जागीच वाळतं किंवा चालत्या गाडीतून रस्त्यावर उडतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. दोन, ते सिलिंडरमध्ये जाऊन जळतं, यालाच आम्ही ‘इंजिन पाणी खातंय’ म्हणतो. तीन, ते दुसऱ्याच कुठल्या तरी कप्प्यात शिरतं, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरच्या ऑइलमध्ये, आणि सीएनजीची गाडी असेल तर किटच्या रिड्यूसरमध्ये, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागात. तुमच्या गाडीत माझा पहिला संशय याच शेवटच्या जागेवर आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे, म्हणून आधी सोप्या आणि स्वस्त गोष्टी संपवू.

सुरुवात मोजण्यापासून करा. ‘दोन-तीन आठवड्यांनी कमी होतं’ एवढ्यावरून मला काही ठरवता येत नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी एकाच सपाट जागी उभी असताना, टाकीवर मार्करने रेघ मारा आणि किलोमीटर लिहून ठेवा. गरम इंजिनात कूलंट फुगून पातळी वर दिसते, त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर पाहिलेली पातळी काही कामाची नाही. नंतर जेवढं टाकाल ते औषधाच्या मापाने मोजून टाका. हजार किलोमीटरला 100 मिली जातंय की 600 मिली, यावर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो. आणि यापूर्वी कधी कूलंट बदलून घेतलं असेल तर तेही आठवा. नवीन कूलंट भरताना हवा अडकून राहिली तर ती पुढच्या काही दिवसांत हळूहळू निघते आणि पातळी खाली येते. ती गळती नसते. पण चार महिने चाललेला प्रकार हवेचा नाही.

टाकी कुठल्या प्रकारची आहे तेही बघा. काही गाड्यांत दाबाचं झाकण थेट प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं. काहींत ते रेडिएटरवर असतं आणि बाजूची टाकी नुसती राखीव असते, एका बारीक नळीने जोडलेली. दुसऱ्या प्रकारात टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असंही होतं. गाडी गरम झाली की कूलंट टाकीत जातं, थंड झाली की झाकणातल्या लहान वाल्वमधून परत ओढलं जातं. तो वाल्व चिकटला किंवा बारीक नळीला चीर पडली की कूलंटऐवजी हवा ओढली जाते. म्हणून अशा गाडीत थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहायलाच हवं. थंड म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी. गरम इंजिनाचं झाकण उघडल्यामुळे छाती आणि हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा इथे घाई नको.

आता ‘खाली थेंब नाही’ याबद्दल. मुंबईत हा पुरावा कच्चा असतो. अनेक सोसायट्यांत आता गाड्या मजल्यावर मजला असलेल्या मशीनच्या पार्किंगमध्ये उभ्या राहतात. तिथे पत्र्याच्या पन्हळीत काय गळलं ते कोणाला दिसणार? उघड्यावर उभी असेल तर एसीचं पाणी ठिबकलेलं असतं, त्यात चार थेंब कूलंटचे मिसळले तर कळत नाहीत. त्यात इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं किंवा फेल्टचं कव्हर बरंच कूलंट झेलून धरतं. ते कव्हर एकदा काढून घ्या आणि रात्री खाली सपाट केलेला पुठ्ठा ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि पुठ्ठा वाळला की डाग उरत नाही. कूलंटला रंग असतो, बोटांत चोळलं तर ते निसरडं लागतं आणि वाळल्यावर त्याचा पांढरट किंवा रंगीत थर उरतो. चव घेऊन मात्र बघू नका. ते गोड असतं आणि विषारी असतं. सोसायटीतल्या मांजरा-कुत्र्यांनी ते चाटलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून सांडलेलं लगेच पाण्याने धुवा आणि उरलेला कॅन पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

सकाळी थंड इंजिनावर टॉर्च मारून हा वाळलेला थरच शोधायचा असतो. ओला थेंब क्वचित सापडतो, डाग मात्र राहतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची बाजू ॲल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते ती कड, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, पाइपांच्या क्लिपा, आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, या जागा मी आधी बघतो. पंपाचं ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील खराब झालं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं, अशी ती योजना आहे. तिथे थर साचला असेल तर पंप बदलायचा, आणि पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलायचा, कारण मजुरी एकदाच लागते. काही क्लिपा फक्त थंडपणी गळतात. रबर आक्रसलेलं असतं तेव्हा थेंब येतो, इंजिन तापलं की फुगून बंद होतो. दुपारी गाडी दाखवायला नेली तर मेकॅनिकला तिथे काही सापडणार नाही, त्यामुळे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवायला लागली तर कुरकुर करू नका.

डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत हीटरच्या कॉइलमधून कूलंट सतत फिरत असतं. ती गळली तर कूलंट डॅशबोर्डच्या आतून कार्पेटखाली उतरतं. पावसाळ्यात कार्पेट ओलं झालं की सगळे म्हणतात पाणी शिरलं, किंवा एसीची नळी तुंबली. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल आणि ते फडक्याने नीट पुसलं जात नसेल, तर ती हीटरची कॉइल.

यानंतर झाकण. दिसायला ही क्षुल्लक वस्तू आहे, पण सगळा दाब तीच सांभाळते. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकोल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असं मिश्रण उघड्या भांड्यात 107 च्या आसपास उकळतं. 1.1 बारच्या (बार हे दाबाचं माप) झाकणाखाली तेच मिश्रण 130 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा राखीव फरक जातो. पवईला गाडी अर्धा तास रखडली की हेडमधल्या सगळ्यात तापलेल्या जागी कूलंट उकळतं आणि वाफ झाकणातून निघून जाते. तोवर काटा हललेलाही नसतो. झाकण बदलायला काही शेकड्यांचा खर्च आहे. सात वर्षांच्या गाडीत मूळ झाकण असेल तर मी न तपासताही बदलतो. फक्त त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा जुन्यासारखाच हवा. जास्त आकड्याचं झाकण बसवून गळती थांबत नाही, उलट जुने पाइप फुटतात.

आता खरी तपासणी, प्रेशर टेस्ट. यासाठी झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेला दाब भरतात आणि वीस मिनिटं काटा बघतात. मुंबईत हा पंप बहुतेक बऱ्या गॅरेजमध्ये असतो. नसेल तर दुसरं गॅरेज गाठा, कारण ज्याच्याकडे हे साधन नाही त्याने कूलंटच्या गळतीबद्दल मत देऊ नये असं मला वाटतं. काटा खाली आला आणि कुठे ओल दिसली तर काम सोपं. काटा खाली आला पण ओल कुठेच नाही, तर कूलंट आत जातंय. मग स्पार्क प्लग काढून दाब रात्रभर ठेवायचा आणि सकाळी इंजिन फिरवून बघायचं, एखाद्या सिलिंडरमधून फवारा येतो का. आणि काटा हललाच नाही तर? इथे अनेकजण ‘गळती नाही’ म्हणून गाडी परत देतात, आणि ते चूक आहे. पंप बसवण्यासाठी आपण झाकणच काढलेलं असतं, म्हणजे झाकणाची तपासणी झालेलीच नसते. ते त्याच पंपाला ॲडॅप्टर लावून वेगळं तपासावं लागतं. आणि आतून कोणी सिस्टीममध्ये दाब ढकलत असेल तर तेही बंद इंजिनावर दिसत नाही.

म्हणून पंप तसाच बसलेला ठेवून, दाब पूर्ण सोडून, थंड इंजिन सुरू करायला सांगा. इंजिन तापायला काही मिनिटं लागतात, त्याआधी सिस्टीममध्ये फारसा दाब तयार व्हायला नको. सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच काटा चढू लागला किंवा थरथरू लागला तर बाहेरचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. तो कुठला वायू, हा तुमच्या गाडीचा कळीचा प्रश्न आहे.

इथे मी माझी एक चूक सांगतो, कारण त्याच चुकीमुळे मला हे शिकायला मिळालं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काळी-पिवळी टॅक्सी आली होती, सीएनजीची. कूलंट कमी होतं, टाकीत बुडबुडे, खाली थेंब नाही. मी बुडबुडे पाहिले आणि हेड उतरवलं. गॅस्केट जुनं होतं, पण त्यावर फुटल्याची खूण नव्हती. ती पाहूनही मी थांबलो नाही. हेड लेथवर नेऊन फेसिंग केलं, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट केला, नवीन गॅस्केट टाकून गाडी दिली. पाचव्या दिवशी ती परत आली, तेच बुडबुडे घेऊन. त्या चालकाचे आठ दिवसांचे धंद्याचे पैसे गेले होते आणि दोष माझा होता. मग मी पुन्हा पहिल्यापासून शोध घेतला. पेट्रोलवर चालवली तर बुडबुडे नाहीत. गॅसवर टाकली की दहा सेकंदांत सुरू. रिड्यूसर बदलला आणि विषय संपला. मजुरी मी त्याला परत दिली. तेव्हापासून सीएनजीच्या गाडीचं हेड मी रिड्यूसर बाजूला केल्याशिवाय उघडत नाही.

रिड्यूसरचा आणि कूलंटचा संबंध काय, हे समजून घ्या. डिकीतल्या सीएनजीच्या सिलिंडरमध्ये गॅस 200 बारपर्यंतच्या दाबाने भरलेला असतो. इंजिनाला तो साधारण दोन बारच्या आसपास लागतो. हा दाब उतरवायचं काम रिड्यूसर करतो. पण गॅसचा दाब असा एकदम उतरला की तो प्रचंड थंड होतो आणि रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून किट बसवणारा हीटरच्या पाइपांना टी (तीन तोंडांचा जोड) जोडून इंजिनाचं गरम कूलंट रिड्यूसरभोवती फिरवतो. म्हणजे तुमच्या गाडीत कंपनीने न दिलेले दोन पाइप आणि अर्धा डझन जास्तीचे सांधे आहेत. ते चार वर्षं इंजिनाच्या उष्णतेत आहेत, आणि टी अनेकदा स्वस्तातल्या प्लॅस्टिकचे असतात. हे सांधे बहुधा मागे, बॅटरीच्या किंवा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, नजरेला न पडणाऱ्या जागी असतात. आधी तिथे टॉर्च मारा. टीला चीर असेल तर पितळी टी आणि नव्या क्लिपा टाकून तुमचं काम इथेच संपेल.

सांधे कोरडे असतील तर दोष आत असू शकतो. रिड्यूसरमध्ये गॅसचा कप्पा आणि कूलंटचा कप्पा यांच्यामध्ये रबरी सील असतात. ती झिजली की दोन गोष्टी आळीपाळीने घडतात. गाडी गॅसवर चालू असताना गॅसचा दाब कूलंटपेक्षा जास्त, म्हणून गॅस कूलंटमध्ये शिरतो. टाकीत बुडबुडे येतात, सिस्टीममध्ये नको तेवढा दाब होतो, झाकण उघडतं आणि कूलंट चालत्या गाडीतून बाहेर फेकलं जातं. पार्किंगमध्ये थेंब न दिसण्याचं हे एक कारण. गाडी बंद केली की उलटं होतं. गॅसचा पुरवठा वाल्वने तुटलेला असतो, कूलंट मात्र अजून गरम आणि दाबाखाली असतं, म्हणून ते हळूहळू गॅसच्या कप्प्यात झिरपतं. दुसऱ्या दिवशी गाडी गॅसवर गेली की ते ओलसर मिश्रण गॅसच्या इंजेक्टरमधून इंजिनात जातं आणि पहिली काही मिनिटं इंजिन अडखळतं. तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते ‘सकाळी अडखळणं’ वाचूनच मी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. हेड गॅस्केट गेलेल्या गाडीतही सकाळी अडखळणं असतं, पण तिथे गाडी सुरू होताक्षणीच एक सिलिंडर अडतो, पेट्रोलवर असतानाच. तुमची गॅसवर गेल्यानंतर अडखळते.

याची परीक्षा तुम्ही घरीही घेऊ शकता. गॅसच्या सिलिंडरचा हाताने बंद करायचा वाल्व बंद करा आणि दोन आठवडे गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. भांडुप-अंधेरी पेट्रोलवर महाग पडेल हे मला माहीत आहे, पण 38,000 पुढे तो खर्च काहीच नाही. पातळी स्थिर राहिली किंवा गळती खूपच कमी झाली, तर रिड्यूसर जवळजवळ नक्की. ‘खूपच कमी’ असं म्हणतोय, कारण थोडं कूलंट बंद गाडीत रिड्यूसरमध्ये झिरपत राहू शकतं. शंकाच नको असेल तर मेकॅनिककडून रिड्यूसरचे दोन्ही कूलंट पाइप काढून एकमेकांना जोडून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र पाइप असे जोडलेले असताना गाडी गॅसवर अजिबात टाकायची नाही, रिड्यूसर गोठेल. गॅरेजमध्ये प्रेशर पंप लावून हेच एका बैठकीत दिसतं: पेट्रोलवर काटा शांत, गॅसवर टाकल्याबरोबर काटा उचलला. आणि सकाळी थंड टाकी उघडल्यावर स्वयंपाकाच्या गॅससारखा वास आला तर आणखी एक साक्ष मिळाली. हा वास बघताना जवळ सिगारेट, काडेपेटी काही नको, आणि बंद गॅरेजमध्ये नको, उघड्यावर बघा.

रिड्यूसर सदोष निघाला तर काही किटचे सील-डायफ्रॅमचे संच मिळतात, काहींचा रिड्यूसर पूर्णच बदलावा लागतो. हे तुमच्या किटवर अवलंबून आहे. इथे माझा एकच आग्रह आहे. गॅसच्या बाजूचं काम अधिकृत सीएनजी केंद्रातच करा. मी स्वतः कूलंटचे पाइप जोडतो, पण 200 बारच्या नळीला हात लावत नाही.

पेट्रोलवरही तेवढंच कूलंट गेलं तर मात्र हेडकडे वळावं लागेल. त्यासाठी ब्लॉक टेस्टर नावाची काचेची नळी असते, तिच्यात निळा द्रव असतो. इंजिन गरम करून टाकीच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात आला तर निळा द्रव पिवळा होतो. कच्च्या गॅसने तो असा पिवळा होत नाही, म्हणून तुमच्या गाडीत हीच चाचणी रिड्यूसर आणि हेड यांना वेगळं करते. चाचणी पेट्रोलवर करा, द्रव ताजा असू द्या आणि टाकीतलं कूलंट नळीत ओढलं जाऊ देऊ नका, नाहीतर निकाल बिघडतो. गॅस्केटची चीर बारीक असेल तर उभ्या गाडीवर ती उघडत नाही. अशा वेळी मी गाडी आधी चढावर नेऊन आणतो. तुम्हाला जवळ म्हणजे घोडबंदरचा गायमुख घाट. इंजिनावर भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि लपलेली चीर बोलू लागते. यावरून एक साधा आडाखाही बांधता येतो. ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी असेल तर पंखा, रेडिएटर, झाकण बघा. ट्रॅफिकमध्ये ठीक आणि घाटात कूलंट फेकणारी असेल तर हेड बघा.

द्रव पिवळा झाला तरी अजून एक पायरी. प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन वर आणून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि टाकीत कुठल्या सिलिंडरला बुडबुडे येतात ते बघायचं. दोष कुठल्या सिलिंडरला आहे ते कळतं, मग हेड उतरवल्यावर नेमकी तीच जागा तपासता येते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिखल दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. पावसाळ्यात रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही येतो. ऑइलची कांडी काढून बघा. कांडीवरचं ऑइलही दुधाच्या चहासारखं असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.

आणि खरंच हेड करायची वेळ आली तर 38,000 मध्ये काय काय धरलंय ते लेखी घ्या. हेडची सपाटी सरळ पट्टी आणि फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून मोजली पाहिजे. किती वाकलेलं चालतं ते इंजिनाप्रमाणे बदलतं, बऱ्याच इंजिनांत मर्यादा 0.05 मिलिमीटर एवढी कडक असते. फेसिंगच्या आधी लेथवाल्याकडे हेडची दाबाखाली चीर तपासून घ्यायची, कारण चिरलेल्या हेडला कितीही फेसिंग केलं तरी उपयोग नाही. ताणून बसवायचे बोल्ट असतील तर ते नवेच हवेत. घट्ट करायचा क्रम आणि कोन कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याला हेड देऊ नका.

दुसऱ्या मेकॅनिकच्या ‘पाणी टाकत राहा’ बद्दलही सांगतो. रस्त्यात अडलात तर पिण्याचं पाणी टाकून घरी या, त्यात गैर नाही. पण चार महिने साधं पाणी टाकलंत तर कूलंट पातळ होतं, गंज रोखणारी रसायनं संपतात आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. त्यात सोसायटीच्या बोअरिंगचं पाणी असेल तर क्षार साचून रेडिएटरच्या बारीक नळ्या भरतात. समुद्राजवळच्या भागात हे पाणी खारटही असतं. टाकायचंच तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर. कूलंटचा रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नसतं, रंग प्रत्येक कंपनी आपापला देते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या आणि कॅनवर बघा, तो थेट वापरायचा आहे की पाणी मिसळून.

कोणी हळद, अंड्याचा पांढरा भाग किंवा गळती बंद करायची पावडर टाकायला सांगेल. जुन्या ट्रकवाल्यांनी घाटात अडकल्यावर हळद टाकून गाडी घरी आणल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत. त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, मोठ्या नळ्यांचे होते. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या इतक्या बारीक आहेत की तीच हळद चांगली वाटही बुजवते, आणि तुमच्या गाडीत ती आधी रिड्यूसरमध्ये जाऊन बसेल.

शोध चालू आहे तोवर गाडी वापरायला हरकत नाही, पण रोज सकाळी पातळी बघूनच निघा आणि डिकीत दोन लिटर मिश्रण ठेवा. काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. कूलंट फारच खाली गेलं तर सेन्सर कोरड्या हवेत राहतो आणि काटा उलट थंड दाखवतो. चालू गाडीत काटा अचानक खाली आला किंवा एसीची थंड हवा एकाएकी गरम येऊ लागली, तर लिंक रोडवर जिथे असाल तिथे कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या सिग्नलपर्यंत’ म्हणून रेटलेल्या किलोमीटरभरात चांगलं हेड वाकलेलं मी पाहिलं आहे.

तर या शनिवारी झाकण बदला, रिड्यूसरच्या टी बघा, रेघ मारा आणि सिलिंडरचा वाल्व बंद करून पेट्रोलवर सुरू करा. दोन आठवड्यांनी मला दोनच आकडे सांगा: गॅसवर हजार किलोमीटरला किती मिली जात होतं आणि पेट्रोलवर किती गेलं. सोबत किटच्या रिड्यूसरचा आणि टाकीच्या झाकणाचा फोटो असेल तर पुढे प्रेशर पंप कुठे लावायचा आणि कुठल्या केंद्राकडे जायचं, हे मला नेमकं सांगता येईल.